वरचा सा, खालचा हात

गाण्याच्या शिकवणीत गुरुजी मुलाला सांगतात, ‘आता वर जा.’ मूल जागचं हलत नाही. पण हनुवटी उचलतं, भुवया चढवतं आणि ‘सा’वरून ‘प’वर पोचतं. शेजारी पेटी असेल तर तिच्यावर हाच ‘प’ उजव्या हाताला आहे. सतारीवर तो काढायचा तर हात तारेवरून खाली, भोपळ्याकडे सरकवावा लागतो. बासरीची गंमत आणखी निराळी. रे आणि ग यांच्यासाठी एकेक बोट उचलत जायचं, तीव्र मध्यमाला सगळी भोकं उघडी, आणि ‘प’ आला की सगळी पुन्हा बंद. फुंक तेवढी बदलायची. एकाच स्वराकडे जाण्याच्या इतक्या वाटा, आणि एकाही वादकाचा त्यात घोळ होत नाही.

हवेला यातलं काहीच ठाऊक नसतं. सेकंदाला २४० कंपनं होत होती, ती ३६० झाली, एवढाच काय तो फरक. त्यात चढण नाही, उतार नाही, डावं-उजवं नाही. ते सगळं माणूस घालतो. पुढच्या पानांतल्या लेखांचा विषय हाच आहे: आवाजाला जागा आणि हालचाल माणूस कुठून देतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला भांडायला सोपं जाईल. आवाजाचा नकाशा कान एकटा काढत नाही. तो मुख्यतः हात, पाय, पाठ आणि छाती काढतात, आणि तेही काम करता करता. म्हणूनच एका माणसाजवळ असे दोन-तीन नकाशे असू शकतात, एकमेकांशी न जुळणारे, आणि त्याचं काही अडत नाही.

हा विषय मी पहूरभोवती ठेवला त्याला कारण आहे. वाघूर नदीच्या काठचं पहूर, पेठ आणि कसबे मिळून, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पाचोरा-जामनेरची आडवी वाटही इथूनच जाते. दक्षिणेला निघालं की फर्दापूर, अजिंठ्याची लेणी, आणि घाट चढून पुढे गेलं की देवगिरी. उत्तरेला जळगाव, त्याला लागून बहिणाबाई चौधरींचं आसोदे. ईशान्येला मुक्ताईनगर. ध्वनी आणि अवकाश यांवरची पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतून सुरू होतात. त्या प्रयोगशाळांचं पुढे सांगणारच आहे, पण या एका पट्ट्यात इतका ऐवज पडलेला असताना तिकडून सुरुवात करणं मला पटलं नाही.

देवगिरीपासूनच सुरू करू. यादव राजा सिंघण (१२१० ते १२४७) याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, नोकरी हिशेबखात्यातली, आणि लिहिला तो ‘संगीतरत्नाकर’. सात अध्यायांचा हा ग्रंथ शेवटी नृत्यावर येऊन थांबतो, कारण त्याच्या लेखी गाणं, वाजवणं आणि नाचणं मिळूनच संगीत होतं. पहिल्याच अध्यायात तो नाद शरीरात बसवतो: मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मूर्ध्नी. छातीतल्या बावीस नाड्या एकीवर एक, आणि जसजसं वर जावं तसतसा नाद चढत जातो. यानंतर तो वीणेकडे वळतो. तिथे बावीस तारा एकीखाली एक, आणि जसजसं खाली जावं तसतसा नाद तीव्र. शरीरात वर ते वीणेवर खाली. दोन्ही मांडण्या एकाच प्रकरणात, शेजारी शेजारी, आणि ग्रंथकाराला त्याचा जराही त्रास नाही. हिशेबाचा माणूस तो, दोन खात्यांच्या दोन वह्या ठेवायची त्याला सवय असणार.

पाश्चात्त्यांनी या प्रश्नाला हात घातला तो बऱ्याच उशिरा. कार्ल श्टुम्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये निरनिराळ्या भाषांत स्वरांना उंच-सखल म्हटलं जातं याकडे लक्ष वेधलं. १९३० मध्ये अमेरिकेत कॅरोल प्रॅटने वेगवेगळ्या उंचीवर ध्वनिक्षेपक लपवले आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, आवाज कुठून आला? बारीक स्वर ते वरून आला म्हणत, जाड स्वर खालून. क्षेपक प्रत्यक्षात कुठे होता त्याच्याशी उत्तराचं फारसं देणंघेणं नव्हतं. हे मुळात निसर्गातूनच येतं की काय, याचा शोध तीन संशोधकांनी २०१४ मध्ये घेतला. मायक्रोफोन घेऊन हिंडून त्यांनी रोजच्या परिसरातले आवाज टिपले, तेव्हा जास्त कंपनांचे आवाज खरोखरच सरासरीने वरून येतात असं दिसलं. पाखरं झाडावर, पावलं जमिनीवर, असा तो ढोबळ हिशेब.

म्हणून प्रश्न सुटला असं मात्र नाही. प्राचीन ग्रीकांच्या वाद्यावर ज्या तारेचं नाव ‘सगळ्यांत खालची’ ती सगळ्यांत चढ्या स्वराची होती, कारण नावं हातात धरलेल्या वाद्यावरून पडली होती. फारसी बोलणारे लोक स्वराला उंच-सखल म्हणतच नाहीत; त्यांच्याकडे स्वर पातळ किंवा जाड. डॉलशाइड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये डच आणि फारसी भाषकांना स्वर ऐकवले आणि पडद्यावर रेघा दाखवल्या. डच माणूस ऐकलेला स्वर गाऊन दाखवताना रेघेच्या उंचीने चकला, फारसी माणूस रेघेच्या जाडीने. पुढच्याच वर्षी चार महिन्यांच्या बाळांवर प्रयोग झाला, आणि बाळांना उंचीचा नि जाडीचा असे दोन्ही संबंध आधीपासून जाणवतात असं आढळलं. म्हणजे नकाशे बोलायला लागण्याआधीच एकाहून जास्त असतात, भाषा त्यांतला एखादा ठळक करते.

मराठी माणसाने तर दोन्ही ठेवले. पोरीचा आवाज बारीक, वडिलांचा जाड; आणि त्याच घरात ‘आवाज चढवू नकोस’ हेही चालू. ‘वरची पट्टी झेपत नाही’ म्हणणारा गायक ‘आवाज पातळ होतो’ अशी पुस्ती जोडतो, एकाच श्वासात. इथवर प्रयोगशाळा आपल्याबरोबर चालते. यापुढे मात्र तिची साथ सुटते, कारण खुर्चीवर बसून रेघ पाहणाऱ्या माणसाच्या अंगाला काही काम नसतं.

काम पाहायचं तर जात्याशी यावं. खान्देशात जात्याला घरोटं म्हणतात. बहिणाबाईंची (१८८० ते १९५१) गाणी अशाच कामांत जुळत गेली. मुलगा सोपानदेव आणि घरातले इतर यांनी ती उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघू शकलं. दोन बायका समोरासमोर, एक पाय लांब, एक मुडपलेला, खुंट्यावर दोघींच्या मुठी. एकीची ओढ ती दुसरीची ढकल. खुंटा दूर जाताना अंग पुढे वाकतं, पोट दाबलं जातं, आवाज जोरकस होतो. खुंटा जवळ येताना पाठ सरळ होते आणि छातीत हवा भरते. ओवीत श्वास कुठे घ्यायचा हे शब्दांवरून ठरत नाही, पाठ कुठे मागे येते त्यावरून ठरतं. ओळ जिथे लांबते तिथे खुंटा पलीकडच्या बाईकडे असतो.

दगड स्वतंत्रपणे बोलतो तो वेगळाच. दाणा भरपूर असला की वरची तळी घुमते, पीठ सरकत असल्याची मऊ घरघर येते. वैरण, म्हणजे जात्यात घातलेला दाणा, संपत आली की आवाज कोरडा होतो, दगडाला दगड लागून खर्रकन बोलतो. तो कोरडेपणा पुरता ऐकू येण्याआधीच डावा हात सुपाकडे गेलेला असतो. पहाटेच्या अंधारात, दिव्याचं तेल न जाळता, बायका दळायच्या त्या अशा. मूठ जात्याच्या तोंडात बरोबर पडायची, फिरत्या खुंट्याला हात आपटायचा नाही, आणि ओवीही तुटायची नाही. ज्वारी आहे की बाजरी, जातं टाकी लावून ताजं आहे की गुळगुळीत झालंय, हे शेजारच्या घरात झोपलेल्याला सांगता यायचं.

आता या ओवीला वर-खालीचा नकाशा लावून पाहा. तीन-चार स्वरांत ती फिरते. चढत कुठे नाही, शिखर नाही, गाठायचा वरचा ‘सा’ नाही. तिचा नकाशा गोल आहे. त्यात महत्त्वाचं काय, तर आपल्याकडे परत येणं. गी प्वातव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी अनेक वर्षं खपून महाराष्ट्रातून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘परी’ या ग्रामीण संग्रहात ऐकायलाही मिळतात. कागदावरच्या ओव्या वाचून ज्यांना त्या एकसुरी वाटल्या, त्यांनी जात्यासकट ध्वनिमुद्रण ऐकावं. एकसुरीपणा कागदाचा आहे.

मोटेवर नकाशा पुन्हा पालटतो. विहिरीच्या काठापासून उतरती धाव. बैल धावेवरून खाली उतरतात तेव्हा नाडा ताणला जातो आणि मोट वर येते. बैल मागे सरकत वर चढतात तेव्हा मोट पाण्यात खाली जाते. मोटकरी बैलांमागे नाड्यावर बसून उताराला लागतो, म्हणजे त्याचं अंग खाली चाललंय आणि ज्या पाण्यासाठी हा सगळा खटाटोप ते वर चाललंय. याच वेळी चाक भाराखाली कुरकुरत असतं. धावेच्या शेवटाशी सोंदर, म्हणजे मोटेच्या तोंडाची दोरी, ताणून ते तोंड थारोळ्यात मोकळं होतं, पाणी धबकन पडतं, आणि चाकाचा सूर एकदम हलका होतो. गाण्याची ओळ धावेच्या लांबीएवढी. धाव आखूड असली तर हेलही आखूड. अशा माणसाला ‘सूर वर गेला म्हणजे तू वर गेलास का’ असं विचारलं असतं तर त्याने विचारणाऱ्याकडे नीट पाहिलं असतं. विजेचे पंप आले आणि ही गाणी गेली. त्याबद्दल उसासे टाकणाऱ्यांनी चामड्याची ती भिजलेली मोट एकदा उचलून पाहायला हवी होती. बैलांची आणि माणसांची सुटका झाली, हे चांगलंच झालं. पण गाण्याबरोबर त्याचा नकाशाही गेला, आणि तो कुणी कागदावर काढून ठेवलेला नाही.

चालण्यात मात्र नकाशा अजून जिवंत आहे. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते आणि महिन्याहून अधिक चालून पंढरपूरला पोचते. दिंडीत साधारणपणे पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधोमध मृदंग, मागे वीणेकरी. याच्याकडे शोभेची रचना म्हणून पाहिलं जातं, पण यात ध्वनीचा रोकडा व्यवहार आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या माणसाला टाळ एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. एवढा उशीर ठेक्यात बोचतो. मृदंग टोकाला ठेवला तर दुसरं टोक सतत मागे पडेल. मधे ठेवला की अंतर निम्म्यावर येतं. उरलेला फरक पाय भरून काढतात. पावली खेळताना पुढच्याचा पाय दिसतो, आणि दिसायला उशीर लागत नाही. लांबच्या रांगेतला टाळकरी निम्मं कानाने वाजवतो, निम्मं डोळ्याने.

पहूरहून अजिंठा इतका जवळ की लेण्यांत ऐकायला कुणी जात नाही, सगळे पाहायलाच जातात. वाघूर तिथेच सातकुंडातून उतरते आणि नालाच्या आकाराच्या कड्याला वळसा घालते. दहाव्या लेण्याचा चैत्य सुमारे ३० मीटर खोल. ३९ अष्टकोनी खांब, टोकाला स्तूप. जॉन स्मिथ या इंग्रज अंमलदाराने १८१९ मध्ये आपलं नाव कोरून ठेवलं ते याच लेण्यात. स्तूपासमोर कुणी सावकाश बोलत असेल तर खांबांमागच्या अरुंद वाटेने प्रदक्षिणा घालावी. खांबाआड गेलं की आवाजाची धार बोथट होते, दोन खांबांच्या फटीत ती परत येते. बोलणारा स्थिर, दगड स्थिर. हालचाल फक्त ऐकणाऱ्याच्या पायांत, आणि तरी आवाज हलतो. ज्यांनी हा चैत्य कोरला त्यांना प्रदक्षिणेचा मार्ग हवा होता, ध्वनीचा खेळ नव्हे. पण पाठ म्हणणारे आणि फिरणारे एकाच वेळी तिथे असत, म्हणजे हे त्यांनी रोज ऐकलं असणार.

पहिल्या लेण्यात महाजनक जातकातलं नृत्यदृश्य आहे. नर्तकीची कंबर एकीकडे, मान दुसरीकडे, भोवती बायका बासऱ्या, चर्मवाद्यं आणि टाळ वाजवताहेत. माझ्याबरोबर आलेली तबला शिकणारी एक मुलगी चित्रापुढे उभी राहून मांडीवर बोटांनी ठेका धरू लागली. कुठला ठेका, विचारलं, तर म्हणाली, तिचा पाय जसा पडतोय तसा. पंधराशे वर्षांपूर्वीची ती लय तीच होती असा दावा कुणी करू नये. रंगवलेल्या कमरेतून आवाज ऐकू यायला अंगात काही हालचाली साठलेल्या लागतात, एवढंच यातून घ्यायचं.

लेण्यांतून आता परत पहूरला. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, जिला सगळे ‘पीजे’ म्हणत, १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली आणि २०२० च्या टाळेबंदीत थांबली. ५६ किलोमीटरच्या या मार्गावर पहूर हे स्टेशन. गाडी जवळ येताना शिट्टी चढते आणि पुढे गेल्यावर उतरते, असं आपण शाळेत डॉप्लरच्या नावाने शिकलो. बॉइस बॅलटने १८४५ मध्ये हॉलंडात आगगाडीवर तुतारीवाले बसवून ते पडताळलंही. पण पीजे काही मेल नव्हे. ताशी ३० किलोमीटरचा वेग धरला तर येतानाच्या आणि जातानाच्या शिट्टीत सा आणि कोमल रे यांच्याएवढंही अंतर पडत नाही. शिवाय एकाच वेगाने येणाऱ्या गाडीचा सूर जवळ येताना वाढत नाहीच. तो आधीपासून चढा असतो आणि समोरून जाताना घसरतो. वाढतो तो फक्त मोठेपणा. तरी माणसाला सूर चढताना ऐकू येतो. न्यूहॉफ आणि मॅकबीथ यांनी १९९६ मध्ये हा भ्रम दाखवून दिला: आवाज मोठा होत गेला की मन त्याला उंचही करत नेतं. फलाटावर पोराला मागे ओढणाऱ्या आईला मोठं आणि उंच यांतला भेद करायची गरज नसते; काहीतरी जवळ येतंय, एवढं तिला पुरतं.

राहिला कागद. ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली, स्वरिताची उभी रेघ अक्षरावर. पण विद्यार्थी पोथीवरून शिकत नसे. अनुदात्ताला मान खाली, स्वरिताला वर; गुरुजी शिष्याची मान धरून ती हलवत. शुक्ल यजुर्वेदी हाच हिशेब हाताने करतात. म्हणजे रेघा मानेनंतर आल्या. भातखंड्यांनी (१८६० ते १९३६) स्वरलिपीत मंद्राचा बिंदू अक्षराखाली आणि तारसप्तकाचा अक्षरावर दिला, त्याने शिकणाऱ्यांची मोठीच सोय झाली आणि एक नकाशा बाकीच्यांवर चढून बसला. गायकांचे हात मात्र त्याला जुमानत नाहीत. भीमसेन जोशींचा हात तान घेताना कुठे जाई हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की तो आलेख काढत नव्हता. तो काहीतरी ओढत होता, पिळत होता, भिरकावत होता. मॅथ्यू रहाइम या अमेरिकी अभ्यासकाने २०१२ मध्ये या हातांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या: हाताची उंची आणि स्वराची उंची यांचा सरळ मेळ बसत नाही, आणि कुणी शिकवलेलं नसताना शिष्याचे हात गुरूच्या हातांसारखे होत जातात. ताल तर उघडच हातावर उभा. तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उघडा पडतो आणि त्या रिकाम्या हाताला आपण खाली म्हणतो.

पुढचे लेख या क्रमाने येत नाहीत. जात्याला आणि मोटेला सर्वांत जास्त पानं दिली आहेत, प्रयोगशाळेला कमी. सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या ढोलांवरचा लेख लांबला आहे आणि तो मी कापलेला नाही. शेवटचं प्रकरण खान्देशातल्या आजच्या वरातीवर आहे. गाडीवर रचलेले भोंगे, त्यावर बँजो किंवा पावरीच्या सुरातली अहिराणी गाणी, आणि गाडीपुढे नाचणारी पोरं. ही पोरं गाडीकडे तोंड करून नाचतात, म्हणजे वरात पुढे सरकते तशी ती उलट्या पावलांनी मागे जातात. मागे खड्डा आहे की म्हैस, ती पाहत नाहीत. खर्जाचा दणका छातीवर जड झाला की एक पाऊल मागे, हलका झाला की जागेवर. गाडी आणि नाचणारे यांच्यातलं अंतर गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फारसं बदलत नाही. त्या प्रकरणातली निरीक्षणं वरातीच्या मागून केलेली नाहीत. ती पुढून, नाचणाऱ्यांच्या पाठीकडून केली आहेत.